एकोणिसाव्या मजल्यावरची दोरी

"यांच्यात कपडे कुठे वाळत घालतात?" आईने विचारलं.

आम्ही सरोवराच्या काठावरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पाण्यापलीकडे शिकागोच्या उंच इमारतींची अख्खी रांग उभी होती. सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता, उन्हं कलली होती आणि काचांवरून प्रकाश हळूहळू वर सरकत होता. ही इमारत चारशे बेचाळीस मीटर, ती तीनशे चव्वेचाळीस, असं मी तिला सांगत होते, तेव्हा मध्येच तिने हे विचारलं.

"यंत्रात वाळवतात. आपल्या घरी आहे ना."

"सगळेच?"

"जवळजवळ सगळेच. आमच्या इमारतीत तर बाल्कनीत कपडे टाकायची परवानगीच नाही."

आई थोडा वेळ इमारतींकडे बघत राहिली. "मग कळते कसं?"

"काय?"

"कोणाच्या घरी काय चाललं ते."

दोन आठवड्यांपूर्वी मी तिला न्यूयॉर्क दाखवून आणलं होतं, तेही बोटीतून, म्हणजे सगळं एका नजरेत दिसावं म्हणून. मी तिला विचारलं, "दोन्हीतलं कोणतं आवडलं?"

"ते न्यूयॉर्क रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखं दिसते. कोणी कोणाला जागा देत नाही. हे फोटोसाठी उभं राहिलं आहे. उंच मागे, बुटके पुढे."

"आणि आपलं नागपूर?"

"नागपूर लांबून दिसतच नाही बाप्पा. वर्ध्याहून एसटीने येताना बघ तू. झाडं, टाक्या, एखादा पूल, आणि एकदम बर्डीच्या बाजारात माणसाच्या अंगावर माणूस. शहर आलं हे डोळ्याला कळत नाही, पायाला कळते."

मी हसले. तिने पिशवीतून डबा काढला, लिंबाच्या लोणच्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि पुन्हा समोर बघू लागली.

"तिथे इतकी घरं आहेत," ती म्हणाली, "त्यातल्या कोणत्या मजल्यावर बाळंतीण आहे, कसं समजायचं?"

मी लोणचं चघळत राहिले.

मला तेव्हा नववा आठवडा चालू होता. माझ्या नवऱ्याखेरीज, प्रफुल्लखेरीज कोणालाही माहीत नव्हतं, आणि आईला तर कळू द्यायचंच नाही असं आम्ही ठरवलं होतं. याआधी दोनदा मी सहाव्या आठवड्यातच तिला फोन केला होता, आणि दोन्ही वेळा काही दिवसांनी दुसरा फोन करावा लागला होता. दुसऱ्या वेळचा तो फोन मला अजून आठवतो. आई पलीकडे होती, श्वास ऐकू येत होता, पण ती काहीच बोलली नाही. नंतर मावशीने सांगितलं की तिने स्वतःच्या दोन मऊ सुती साड्या फाडून दुपटं शिवलं होतं, आणि त्या रात्री ते उसवत बसली होती. धागा न् धागा.

तसं दुपटं तिला पुन्हा उसवायला लावायचं नव्हतं. शनिवारी तिचं परतीचं विमान होतं. तोवर सहा दिवस निभावायचे होते. बारावा आठवडा पार पडला, सोनोग्राफी नीट झाली, की मग फोन. पण मला ती हवी होती. सकाळी उठल्यावर मळमळायचं तेव्हा भिंतीपलीकडे तिच्या बांगड्यांचा आवाज आला की बरं वाटायचं. थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं, आणि सांगायचं नाही असं तर ठरलेलं होतं.

आई तीस वर्षं देवळी तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर नर्स होती. गावोगाव पायी फिरून गरोदर बायांची नोंद करणं हे तिचं काम. अशा बाईपासून मी ही गोष्ट लपवायला निघाले होते, यावरून माझ्या शिक्षणाची मर्यादा लक्षात यावी.

"तू नोंद कशी करायचीस?" मी विचारलं. खरं तर विषय बदलायचा होता.

"दारात जाऊन विचारलं, की सासू नाही म्हणायची. दृष्ट लागते ना. म्हणून आधी दोरी बघायची. दोरीच्या टोकाला, साडीच्या आड बायांची फडकी वाळत असतात. दोन महिने ती दिसली नाहीत की वहीत नाव लिहायचं. लंगोट दिसले की लसीचा डबा घेऊन आत शिरायचं." तिने डब्याचं झाकण लावलं. "इथे मी नोकरी केली असती तर पहिल्याच महिन्यात काढून टाकलं असतं मला."

*

मंगळवारी मला मोजणीला जायचं होतं.

मी पदार्थविज्ञान शिकले. वाळूचे कण अरुंद तोंडातून पडताना का अडकतात, यावर माझा प्रबंध होता. पण नोकरी मिळाली ती माणसांवर. शहराच्या मध्यभागातल्या फूटपाथवरून माणसं कशी वाहतात, कुठे तुंबतात, याचा अभ्यास विद्यापीठात चालू होता. तीन शहरांची तुलना होती. कामाची पद्धत अगदी साधी होती. दिव्याच्या खांबापासून समोरच्या दारापर्यंत एक रेषा मनात आखायची, आणि ती ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी हातातला क्लिकर अंगठ्याने एकदा दाबायचा. पंधरा मिनिटं मोजायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा पंधरा मिनिटं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि शेवटी आकडे ताडून बघायचे.

त्या सकाळी माझ्याबरोबर मोजणाऱ्या विद्यार्थिनीला ताप आला. प्रफुल्ल कामावर गेलेला होता.

"मी येते ना," आई म्हणाली. "माणसंच मोजायची आहेत. मला काय त्यात नवीन?"

जागा स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकात होती. शिकागोतले सगळे घरक्रमांक तिथून सुरू होतात. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे यांचा झिरो माईल, आपल्या नागपूरसारखा," आणि तिला चौक एकदम ओळखीचा वाटू लागला. तिने निळ्या काठाची साडी, वर माझा स्वेटर आणि पायात प्रफुल्लचे मोजे असा वेष केला होता. दुपारचे बारा वाजले आणि सगळ्या इमारतींची फिरती दारं एकदम माणसं बाहेर टाकू लागली. पलीकडच्या रस्त्यावर पुलावरून आगगाडी खडखडत गेली. कोपऱ्यावर एकजण बादल्या उपड्या ठेवून वाजवत होता. दुकानाच्या भिंतीला टेकून लाल टोपीतला एक म्हातारा पेपर विकत होता, त्याने आईला मान लववून नमस्कार केला आणि आईनेही त्याला केला.

पहिल्या पंधरा मिनिटांनंतर माझा आकडा होता तीनशे अठरा. तिचा दोनशे एक्याण्णव.

"सत्तावीस माणसं सुटली तुझी," मी म्हटलं.

"एकही नाही सुटलं. तूच एकाला दोनदोनदा मोजून राहिली. तो टकल्या कॉफी आणायला गेला आणि परत आला. तो एकच माणूस आहे ना?"

"पण त्याने रेषा दोनदा ओलांडली. आम्ही ओलांडणं मोजतो."

"म्हणजे तुम्ही माणसं मोजतच नाही."

"एका अर्थी नाही."

"गावात मी असं केलं असतं तर साहेबाने वही तोंडावर फेकली असती. बरं. ओलांडणं तर ओलांडणं." तिने क्लिकर शून्यावर आणला. "आणि त्या पेपरवाल्याला कोणत्या रकान्यात टाकलंस?"

"तो ओलांडत नाही. उभा आहे."

"आपण आल्यापासून इथेच आहे म्हणून मोजायचा नाही?"

"उभ्या माणसाला रकाना नाही, आई."

आईने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तिला त्याच्यापुढे जरा ओशाळं वाटलं असावं, कारण पुढच्या पाच मिनिटांत तिने त्याच्याकडून एक पेपर घेतला आणि पिशवीतला बेसनाचा लाडू त्याला दिला.

दुसऱ्या खेपेला माझे तीनशे सेहेचाळीस आले, तिचे तीनशे सत्तेचाळीस. दोघींत एवढा कमी फरक माझ्या विद्यार्थ्यांचाही येत नसे. मी तिला शाबासकी दिली. तिला ती आवडली नाही.

"एकाचाही फरक काहून यावा? ती पिवळ्या झग्यावाली होती ना, तिचे तू किती धरले?"

"एक."

"मी दोन धरले."

"दोन?"

"सातवा महिना आहे तिला. दोन जीव गेले ना समोरून."

"आई, नियमात एकच धरायचा."

"नियम करणाऱ्याला कधी बाळ झालं का विचार."

मी हसले आणि कागदावर तीनशे सेहेचाळीस लिहिलं. मग, विचारू नये ते विचारलं. "पोट दिसत नसेल तर? चालण्यावरून ओळखू येतं का?"

"चालण्यावरून नाही. गर्दीत समोरून कोणी अंगावर आलं की हात कुठे जातो, त्यावरून." ती समोरून जाणाऱ्या लोकांकडे बघत होती. "पुरुषाचा हात खिशाकडे जातो. पोरीचा पर्सकडे. आणि अशा बाईचा हात सगळ्यात आधी इथे. तिला स्वतःला कळायच्या आधी."

माझा डावा हात पोटाशी, स्वेटरवर होता. मी तो सावकाश काढला आणि आकड्यांचा कागद लावलेल्या पाटीखाली धरला.

खरं सांगायचं तर त्या आधीच्या पंधरवड्यात बऱ्याच गोष्टी घडल्या होत्या, आणि मी प्रत्येकीचं काही ना काही कारण शोधून ठेवलं होतं. आईने सकाळची हिंगाची फोडणी बंद केली होती, इथला हिंग चांगला नाही म्हणून. वाणसामानाच्या पिशव्या ती जावयालाच उचलायला लावायची, "प्रफुल्लराव बसून बसून जाड होऊन राहिले" म्हणून. प्रत्येक ताटात लिंबाचं लोणचं यायला लागलं होतं. बॅग भरायची वेळ आली म्हणून तिला घरची ओढ लागली आहे, असा मी या सगळ्याचा अर्थ लावला होता. निरीक्षणं बरोबर होती. निष्कर्ष चुकला होता.

तिसरी खेप सुरू झाली. सरोवराकडून वारा सुटला. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यात वारा अडकून जोर धरतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरीही पाटीवरचा कागद उडाला. आधीच्या दोन्ही खेपांचे आकडे त्याच्यावर होते. तो रेषेपलीकडे फूटपाथवर घसरत निघाला आणि मी त्याच्यामागे धावले.

"वैजू, पळू नको!" आईचा आवाज इतका मोठा आला की बादल्या वाजवणारा क्षणभर थांबला.

कागद एका बाईच्या बुटाखाली सापडला. मी तो घेऊन परत आले. आईचा अंगठा चालू होता.

वेळ संपली. माझे तीनशे एकसष्ट. तिचे तीनशे पासष्ट.

"चाराचा फरक," मी म्हटलं. "पळताना माझ्याकडून माणसं सुटली असतील."

"नाही सुटली. पळता पळताही क्लिक करून राहिली होतीस. मी बघितलं."

"मग कोणी पिवळ्या झग्यावाली आली होती का?"

"या खेपेला नाही."

मला फरक तसाच सोडून देता येत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. मी म्हटलं, "मग चार कुठून आले?"

"तू गेलीस कागदाच्या मागे. मग परत आलीस. रेषा ओलांडली ना दोनदा?"

"मोजणाऱ्याने स्वतःला धरायचं नसतं. आणि धरलं तरी ते दोनच होतात, आई. एकदा जाताना, एकदा येताना."

आई रस्त्याकडे बघत होती. फिरत्या दारातून माणसं बाहेर येत होती, दुपारचं खाणं हातात घेऊन परत आत जात होती. तिने क्लिकर माझ्या हातात ठेवला.

"पिवळ्या झग्यावालीचे किती धरले होते मी?" ती म्हणाली.

मी हिशेब केला. दोन गुणिले दोन. एवढ्या गुणाकाराला मला आयुष्यात कधी इतका वेळ लागला नव्हता.

पुढची पाच मिनिटं मी दुकानाच्या पायरीवर बसून होते. आई शेजारी बसली. तिने माझा हात धरला नाही, डोक्यावरूनही हात फिरवला नाही. साडीचा पदर तेवढा वाऱ्यात माझ्या गुडघ्यावर येत होता, तो तिने येऊ दिला.

"कधी कळलं तुला?"

"तुमच्याकडे दोरी नाही. पण बाथरूमच्या कपाटात ते पॅडचं पाकीट आहे ना, मी आले त्या दिवशी जसं होतं तसंच आहे. सहा आठवडे झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नाही सांगितलं ना. तू सांगेपर्यंत मला माहीत नाही, असं मी धरलं होतं." तिने नाक पुसलं. "आज तू पळाली म्हणून अंगठा घसरला."

"आई, मागच्या वेळी..."

"हो."

"तू दुपटं उसवलंस. मावशीने सांगितलं मला."

"मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही." चौकातला दिवा दोनदा बदलला. "दुपट्याचं काही नाही, वैजू. उसवलं तर पुन्हा शिवता येते. मला लागलं ते वेगळंच. तू इतक्या लांब, एकटीने नंबर फिरवला, आणि मला काय सांगायचं ते शब्द जुळवत बसली असशील. मी नर्स आहे. शेकडो बायांजवळ बसले मी अशा वेळी. माझ्या पोरीला मात्र फोन करून सांगावं लागलं."

मी तिचा पदर गुडघ्यावर धरून ठेवला.

"इथेच राहिले तर फोन तरी करावा लागणार नाही," ती म्हणाली. "चांगलं झालं तरी नाही, वाईट झालं तरी नाही. दिसेलच मला."

"थांबशील?"

"तू विचारलं तर थांबीन."

"थांब."

"बरं."

"पण तुझी बॅग भरून झालीय."

"भरलेली बॅग रिकामी करायला असा किती वेळ लागते?" ती उठली आणि साडी झटकली. "चल, चौथी खेप राहिली ना. पगार घेतेस त्यांचा. आणि हे बघ, कागद उडाला तर उडू दे. मी आणीन."

अहवालात मी तीनशे एकसष्टच लिहिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्याच्यावर बुटाचा ठसा आहे, आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं तीनशे पासष्ट.

*

आईने व्हिसाची मुदत वाढवून घेतली. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला ती आत आली नाही, बाहेर बाकावर बसली आणि मी बाहेर येईपर्यंत तिने स्वेटरची एक बाही विणून संपवली. हिवाळा आला, बर्फ पडला, सरोवराच्या कडा गोठल्या. एप्रिलच्या अखेरीला मुलगी झाली.

सव्वा महिना तिने मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी खाली उतरले, तेव्हा इमारतीच्या कार्यालयातल्या बाईंनी मला थांबवून एक पत्र हातात दिलं. एकोणिसाव्या मजल्यावर, आमच्या बाल्कनीत, दोरी बांधून कपडे वाळत घातले जात आहेत, ते इमारतीच्या नियमात बसत नाही, कृपया ताबडतोब काढावेत.

मला कशाचाच पत्ता नव्हता. प्रफुल्ल बाजारातून सुती कापड घेऊन आला होता आणि आईने लंगोट शिवले होते, हे माहीत होतं. ते धुऊन यंत्रात वाळतात असं मी समजत होते.

मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर गेले आणि मान वर केली. आमची इमारत तिच्यासारख्याच दहाबारा इमारतींत उभी होती, सगळीकडे काच आणि एकसारख्या बाल्कन्या. मी खालून मजले मोजत गेले. सतरा, अठरा, एकोणीस. तिथे रेघेएवढी एक दोरी होती आणि तिच्यावर नखाएवढे पांढरे चौकोन. सहा. वाऱ्यात हलत होते.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. माणसं मला वळसा घालून जात होती. मी वाटेत उभी होते, माझ्याच अभ्यासातला अडथळा, ज्याला रकाना नाही असा. एक माणूस आपला वेग कमी करून थांबला. हातात जेवणाचा डबा, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. एक माणूस वर बघत असेल तर दुसराही बघतो. त्याने माझ्या नजरेच्या रोखाने वर पाहिलं.

"काय आहे तिथे?" त्याने विचारलं.

मी बोट दाखवलं. त्याला मजला मोजायला थोडा वेळ लागला.

"माझी आई आहे," मी म्हटलं. "त्या घरात बाळंतीण आहे, असं ती सांगते आहे."

तो जरा वेळ तसाच वर बघत राहिला. मग डबा दुसऱ्या हातात घेऊन त्याने माझं अभिनंदन केलं, आणि गर्दीत मिसळून निघून गेला. पत्र मी घडी करून खिशात ठेवलं. आईला ते वाचून दाखवायचं होतं, पण लंगोट वाळल्यावर.